बरोबरीत सुटलेला डाव

माझे बाबा आणि रहीमचाचा यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं ते बुद्धिबळाच्या एका जुन्या डावावरून. माणसं शेताच्या धुऱ्यावरून भांडतात, पोरांच्या लग्नावरून भांडतात, ते मी समजू शकते. हे दोघं भांडले ते उपकार कोणी केले यावरून, आणि दोघांचंही म्हणणं एकच होतं, "उपकार मी केले."

बाबांचा, म्हणजे उत्तमरावांचा, पातूरजवळ भाजीचा मळा. रविवारी अकोल्याच्या बाजारात भाजी उतरवली की ते सरळ अब्दुल रहीम यांच्या शेडमध्ये जात. रहीमचाचा पत्र्याचे कूलर बनवायचे. पत्रा कापायचा, वाकवायचा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवायच्या आणि आत पाण्याचा पंप. बाबा आले की हातातली कात्री खाली ठेवून चाचा पट मांडायचे. हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होतं.

शहाऐंशी साली अमरावतीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत दोघांची गाठ पडली. रहीमचाचा जिंकते तर ढाल त्यांची होती. त्यांनी आपला हत्ती बाबांच्या राजापुढे नेऊन ठेवला, फुकटात, मार म्हणून. बाबांनी बराच वेळ विचार केला, हत्ती मारला आणि त्याच दमात बरोबरी मागितली. चाचांनी हात पुढे केला. ढाल धामणगावच्या कुणा तिसऱ्यानेच नेली.

शेडचा एक कायदा होता. हरलेला डाव हवा तितका उकरा, पण बरोबरीत सुटलेला डाव पुन्हा मांडायचा नाही. दोघांनी हात मिळवला तिथे विषय संपला. त्यावर पुन्हा बोट ठेवणं म्हणजे दिलेला शब्द परत मागणं. त्यामुळे त्या डावाबद्दल दोघं कधी बोललेच नाहीत. २००८ च्या होळीच्या सुमारास कॉलेजातला एक पोरगा शेडमध्ये आला आणि त्याने सहज विचारलं, "अमरावतीचा तो डाव कोनाकडं झुकला होता?" दोघं एकदम बोलले.

"म्या सोडून देल्लं याले," बाबा म्हणाले.

"मी सोडलं याले," चाचा म्हणाले.

इतकी वर्षं दोघांनी आपापलं औदार्य पोटात ठेवलं होतं, आणि आता दोघांनाही एकदमच कळलं की समोरचा आपल्यावर दया केल्याचं समजून बसलाय. बाबा चहा अर्धा ठेवून उठले. पुढचे सगळे रविवार ते भाजी उतरवून परस्पर घरी आले, आणि दुपारभर खाटेवर बसून दाराकडे बघत राहिले. मला त्यांचा फार राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

मी तेव्हा अकोल्यात कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या दुकानात कामाला होते. माझं स्वतःचं मशीन मी चाचांच्या शेडच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं, कारण आमच्या गावात वीज पाहुणीसारखी येई. एक दिवस चाचा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"बेटा, तुह्या कंपूटरले शतरंज येते?"

"तुमच्यापेक्षा चांगली येते, चाचा."

"मंग त्याले इचार. माणूस दोस्तीत खोटं बोलते, रागात खोटं बोलते. हे कोनाचं दोस्त हाये?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "बावीस साल मी समजलो का मी ढाल सोडली दोस्तासाठी. जर त्यानं मले भीक देल्ली असन, तर ते मले माहीत पाह्यजे."

बाबांना सांगितलं तेव्हा ते वांग्याच्या वाफ्यात पाणी वळवत होते. "इचारा ना," ते म्हणाले, "मले माहीतच हाये." आणि फावडं हातात धरून तसेच उभे राहिले. त्या दिवशी अर्धी ओळ पाण्यात बुडाली.

आता माझ्या मशीनबद्दल. त्यात बाजारातला सगळ्यात स्वस्त ड्युअल कोअर प्रोसेसर होता, आकाराने करंगळीच्या नखाएवढा. हा नखाएवढा तुकडा सेकंदाला एकशेसाठ कोटी ठोके टाकत असे. मी रोज असे प्रोसेसर बसवते, तरी तो आकडा मनात नीट धरून बघितला की मला अजून गरगरतं. आपलं हृदय आयुष्यभरात टाकेल त्याच्या निम्म्याहून जास्त ठोके आपण 'एक' म्हणेपर्यंत तो टाकून मोकळा होतो.

आणि तरीही तो कमी पडत होता. हत्ती मारल्यानंतरचा डाव मी मांडला, खेळी रहीमचाचांची. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम एक आकडा दाखवतो: अधिक असेल तर पांढरा, म्हणजे बाबा, वरचढ, उणे असेल तर काळा, म्हणजे चाचा. तो एकेक खेळी खोल उतरत जातो, आणि प्रत्येक पुढच्या पायरीला आधीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. खरं खोल पाणी लागायच्या आत अकराच्या सुमाराला भारनियमनाची वेळ होई, वीज जाई, आणि मशीनने जे काही पाहिलं असेल ते सगळं पुसलं जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. जितकी वीज तितकाच विचार, अशी ती गंमत होती.

वीज वाढवणं माझ्या हातात नव्हतं. वेग वाढवणं होतं. महागडे प्रोसेसर आणि माझा हे एकाच घाण्याचे असतात. माझ्या प्रोसेसरवर फक्त कमी वेगाचा शिक्का मारून स्वस्तात विकलेला असतो. मशीन सुरू होताना एक निळा पडदा उघडता येतो, तिथे ठोक्याचा आकडा बदलता येतो. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. मी आकडा थोडा चढवला, मशीन सुरू झालं. आणखी चढवला, तरी सुरू झालं. दोनशे कोटी. अडीचशे. दोनशेऐंशी कोटी ठोक्यांवरही जेव्हा पडदा शांतपणे उजळला तेव्हा माझ्या हातावर शहारे आले. या वेगात प्रकाशसुद्धा एका ठोक्यात अर्धी वीतच सरकतो. तेवढ्या वेळात माझं स्वस्तातलं नख एक काम उरकून पुढच्याला लागलेलं असतं. असं काही आपल्या टेबलावर, कूलरच्या ताट्यांच्या ढिगाशेजारी चालू आहे यावर विश्वास बसेना.

त्या सकाळी आकडा एकदम उणे झाला. नुसता उणे नाही, भला मोठा उणे. चाचांनी डोळे बारीक करून वाचलं आणि बाहेर गेले ते जिलब्यांचा पुडा घेऊन आले. नसीमबानो चाचींनी पहिली जिलबी माझ्या तोंडात घातली. तेवढ्यात पडदा गोठला. माऊस हलेना.

मला शंका आली. अशा मशीनची परीक्षा घेण्याची एक रीत आहे: ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी प्रचंड मोठी गणितं त्याला सोडवायला द्यायची. एकही उत्तर चुकलं तर मशीन भरवशाचं नाही. मी परीक्षा लावली आणि जिलबीचे हात धुऊन येईपर्यंत ते चुकलं होतं. प्रोसेसर इतका तापला होता की त्याच्यावर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्याला बोट लावून ठेवता येत नव्हतं. बाहेर अकोल्याचा मे महिना, शेडवर पत्रा.

"चाचा, उन्हानं त्याचा हिशोब चुकून राहिला. हा आकडा खरा धरता येत नाही."

"म्हंजे मी जितलो नाई?"

"म्हंजे माहीत नाही."

त्यांनी पुड्याची घडी घातली. पण दुसऱ्याच मिनिटाला त्यांच्यातला कारागीर चवताळला. "गरमीनं हरते? कूलरवाल्याच्या घरात?"

त्या वर्षी शेडमध्ये कूलरांची रांग तशीच उभी होती. कापूसवाल्या गावांमधून दरवर्षी येणारं गिऱ्हाईक आलंच नव्हतं. हातात पैसा नसल्याने लोकांनी अंगणात ओली चादर टांगून उन्हाळा काढायचा ठरवलं होतं. चाचांनी रांगेतला सगळ्यात मोठा कूलर ओढत आणला आणि त्याचं तोंड माझ्या मशीनच्या उघड्या डब्यासमोर लावलं. मी नको म्हणायला हवं होतं. पण तापमानाचा आकडा असा भराभर उतरला की माझीच बुद्धी थंड झाली. दोनशेऐंशी कोटींवर मशीन बर्फासारखं बसलं. परीक्षेत पास. आम्ही दोघं त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसलो, आम्हालाही वारा लागत होता.

आठवड्याच्या आत मशीन बंद पडलं. डबा आडवा करून बघते तर मदरबोर्डवर, पंख्याच्या पात्यांवर, मेमरीच्या दातांवर पांढरा थर. चाचींनी वाकून बोट फिरवलं आणि बोट जिभेला लावलं.

"हे तर आपल्या ताट्यांवर जमते तेच," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "तुमी तर कंपूटरले नमक खिलवून राह्यले जी."

आमचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी इतकं खारट की ताट्या वर्षाच्या आत मिठाने दगडासारख्या होतात. तेच पाणी बारीक तुषार होऊन वाऱ्याबरोबर डब्यात जात होतं. गोड्या पाण्याच्या गावात ही चूक खपून गेली असती. आमच्याकडे ती मिठाच्या अक्षरात लिहून आली. मी कॉम्प्युटरवाली आणि चाचा कूलरवाले, दोघांनाही या पाण्याची जन्मापासून ओळख, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी दोन दिवस मऊ ब्रश आणि स्पिरिट घेऊन चिपांचा एकेक पाय पुसला. चाचा दाराशी उभे राहायचे, आत यायचे नाहीत.

बटण दाबलं तेव्हा तिघांनीही श्वास धरला होता. पंखा फिरला.

यानंतर आम्ही शहाणे झालो. वारा गार हवा, पण ओला नको. चाचांनी पत्र्याची लांब चौकोनी नळी वाकवली आणि ती कूलरच्या पोटातून आरपार नेली. कूलरचा ओला वारा नळीच्या बाहेरून वाहायचा, पत्रा गार व्हायचा, आणि नळीच्या आतून कोरडी हवा गार होऊन माझ्या डब्यात यायची. सांधे त्यांनी असे झाळले की थेंब शिरायची बिशाद नव्हती. मीही हाव सोडली. आकडा दोनशेसहासष्ट कोटींवर आणला आणि प्रोसेसरला जाणारा विजेचा दाबही एक पायरी उतरवला. सगळ्यात जास्त वेग शोधणं सोपं असतं. तो किती वेगात खोटं बोलत नाही हे शोधायला वेळ लागतो. पहाटे वीज आली तेव्हा परीक्षा लावली. वीज गेली तोवर एकही उत्तर चुकलं नव्हतं. मी पत्र्याच्या नळीवर हात ठेवून उभी राहिले. अब्जावधी गणितं, एकही चूक नाही, आणि मध्ये फक्त एका माणसाने हाताने वाकवलेला पत्रा. मला देवळात गेल्यासारखं वाटलं.

रविवारी पहिल्या एसटीने मी बाबांना घेऊन निघाले. भाजी काकाने उतरवली. "आज खरं काय ते निघन," मी म्हटलं. बाबा पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होते.

शेडमध्ये पोचलो तेव्हा चाचांनी मशीन आधीच सुरू केलेलं होतं. मी शिकवून ठेवलं होतं. त्यांनी त्यांच्या मनातली खेळी, जी बावीस वर्षं मनात होती, पहाटेच एकट्याने खेळून बघितली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. आता मूळ डाव मांडलेला होता आणि आकडा अधिक होता. बाबांच्या बाजूने. चाचींनी दोघांच्या मध्ये चहा ठेवला.

मशीन उतरत गेलं. पायरीमागे पायरी, आकडा अधिकच. तापमान हलत नव्हतं. साडेनऊच्या पुढे ते इतकं खोल गेलं होतं की तिथे कुठला माणूस पोचेल असं मला वाटेना, आणि आकडा अजून अधिक, उलट थोडा वाढलेला. वीज जायला फार वेळ नव्हता. मी चाचांकडे बघितलं आणि मान हलवली.

रहीमचाचा उठले. बाबांच्या समोर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले.

"उत्तम, तू जितला होता. तुनं सोडलं मले, अन् बावीस सालात तोंडातून काढलं नाई. अन् मी तुह्याच समोर बसून समजत राह्यलो का मीच मोठा. माफ कर, यार."

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं ते उठून मिठी मारतील, विषय संपेल, रविवार परत येतील. त्यांनी चाचांचे हात धरून खाली केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"साधने, उंट मागे घे."

"कोणता उंट, बाबा?"

"रहीमचा. वजिराच्या बाजूचा. एक घर मागे."

मी पडद्याकडे बघितलं. त्या खेळीत काही नव्हतं. हत्ती गेलेला, राजावर चाल करायची वेळ, आणि उंट मागे? असं कोणी खेळत नाही. मशीननेही ती कधीच कडेला टाकली होती. मी खेळी टाकली. आकडा आणखी वर गेला, बाबांच्या बाजूने.

"थांब जरा," बाबा म्हणाले.

मशीन पुन्हा उतरू लागलं. मग आकडा थबकला. मग थोडा खाली आला. पुढच्या पायरीला आणखी खाली. पंख्याचा आवाज चढला, चाचांच्या पत्र्याच्या नळीतून हवा सूं करत होती. आकडा शून्यावर आला, तिथे क्षणभर टेकला आणि पलीकडे उतरला. उणे. मग अजून उणे. जुन्या वेगात इथे पोचायच्या आधीच वीज गेली असती. त्या मागे सरकलेल्या उंटाने बाबांच्या राजाची एकमेव पळवाट बंद केली होती. मशीन आता ते ओळीमागून ओळी लिहून दाखवत होतं, आणि सुटका कुठेच नव्हती. सेकंदाला दोनशेसहासष्ट कोटी ठोके टाकणाऱ्याला जी खेळी सुचली नाही ती माझ्या बापाने अमरावतीच्या एका हॉलमध्ये, नुसत्या डोक्याने बघितली होती. ज्या माणसाला मी रोज डबा भरून देते त्याच्याकडे मी जणू पहिल्यांदाच बघत होते.

"तुले तवाच दिसलं होतं?" चाचांनी विचारलं.

"हत्ती मारला अन् दिसलं. मंग पाय गळाले."

"म्हनून बरोबरी मांगली?"

"म्हनूनच मांगली. अन् वर तोंड करून सांगत राह्यलो का सोडून देल्लं. पह्यल्यांदा लाजंनं सांगतलं, मंग मलेच खरं वाटू लागलं." बाबांचा आवाज फाटला. "ढाल तुही होती, रहीम."

चाचांनी पडद्यावरच्या उंटाकडे बघितलं. ढाल मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. मग ते हसले, अगदी हळू.

"माही नव्हती. मले हे दिसलंच नाई, उत्तम. मी वजीर पुढं नेनार होतो. आज पहाटे खेळून पाह्यला. सरळ हरतो." त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चूप राह्यला असता तर ढाल नसती भेटली मले, पन डाव तू जितला असता. येड्या, तू काहून घाबरला?"

बाबांनी मान वर केली. त्यांना हा प्रश्नच समजला नाही असं वाटलं. रहीमला ती खेळी दिसली नसेल, ही शक्यता बावीस वर्षांत त्यांच्या मनाला शिवली नव्हती.

"समोर तू बसला होता ना," ते म्हणाले. "मले दिसलं अन् तुले नाई दिसलं, असं कसं होईन?"